काळोखाचे सिनेमे आणि त्यांतल्या बायका

जुन्या सिनेमांबद्दल बोलायचं म्हटलं की गाणी आधी आठवतात. पण आज गाण्यांवर नाही बोलणार. आज विषय आहे तो काळ्यापांढऱ्या जमान्यातल्या खुनांच्या, जुगारअड्ड्यांच्या, रात्रीच्या सिनेमांचा. आमच्या गटात यावरून वाद झाला. तरण्या मुलींचं म्हणणं, हे आता कोण बघणार? माणसं सावकाश बोलतात, टेलिफोन गोल फिरवत बसतात, आणि खुनी कोण हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. मोठ्या बायका म्हणाल्या, तुम्हाला बघायचा धीरच नाही. वाद मिटेना, म्हणून आम्ही काही सिनेमे पुन्हा बघितले आणि त्यांच्यामागचा इतिहासही शोधला. त्यात जे सापडलं ते सांगतो.

या सिनेमांना जगभर एक नाव आहे, ‘फिल्म न्वार’. न्वार हा फ्रेंच शब्द, अर्थ काळा. नाव फ्रेंच लोकांनी दिलं, पण सिनेमे होते अमेरिकेचे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता, तेव्हा अमेरिकन सिनेमे तिथे येत नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, साठलेले सिनेमे एकदम पॅरिसच्या थेटरांत लागले. पाच वर्षांचे सिनेमे एका उन्हाळ्यात बघितल्यावर तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आलं, की अमेरिकेचा सिनेमा काळवंडलाय. नायक स्वच्छ नाही, पोलीस स्वच्छ नाहीत, शेवट गोड नाही आणि पडद्यावर उजेडापेक्षा सावल्या जास्त. म्हणून हे नाव पडलं. करणाऱ्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं, की आपण न्वार करतोय.

सावलीची गंमत आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. भारनियमनाच्या दिवसांत आपल्या स्वयंपाकघरात चिमणी जळायची. चुलीपुढे बसलेली बाई असायची एवढीशी, पण तिची सावली भिंतीवरून आढ्यापर्यंत जायची. पोरं त्या सावलीला घाबरायची, आईला नाही. एकच दिवा, तो खाली किंवा बाजूला ठेवला, की चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जातो आणि माणूस काय विचार करतोय ते कळेनासं होतं. या सिनेमांची सगळी कारागिरी एवढ्यात आली. शिवाय ती स्वस्तही होती. भिंतीचा रंग उडालाय, सामान भाड्याचं आहे, हे काळोखात दिसत नाही.

हा दिवा खाली ठेवायची रीत जर्मनीतून आली. पहिलं महायुद्ध हरलेल्या, महागाईने पिचलेल्या जर्मनीत १९२० च्या आसपास सिनेमावाले वाकड्या भिंती, तिरके जिने आणि लांब सावल्या दाखवू लागले. मग १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि तिथले अनेक कलावंत, विशेषतः ज्यू कलावंत, देश सोडून गेले. फ्रिट्झ लँग गेला, बिली वाइल्डर गेला. ते पोचले अमेरिकेत आणि त्यांनीच पुढे तिथले हे काळे सिनेमे केले. वाइल्डरचा १९४४ चा ‘डबल इन्डेम्निटी’ हा त्यांतला नावाजलेला. त्यात विमा एजंट आणि त्याच्या गिऱ्हाइकाची बायको मिळून नवऱ्याचा विमा उतरवतात आणि त्याला मारतात. आमच्या गटातली एक मैत्रीण विम्याचं काम करते. ती म्हणाली, हा एक सिनेमा मी गिऱ्हाइकांना कधीही दाखवणार नाही.

याच सुमारास जर्मनीतला दुसरा एक दिवा आपल्या रेल्वेलाइनवर आला होता. विरारहून चर्चगेटची गाडी पकडली की बोरिवली, कांदिवली आणि मग मालाड. त्या मालाडला हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज काढली. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विरशिंग हे त्यांनी जर्मनीहून आणले. नशिबाचा खेळ बघा, अमेरिकेत गेलेले हिटलरला भिऊन पळालेले होते, आणि आपल्याकडे आलेला ऑस्टेन हिटलरच्या पक्षाचा सभासद होता. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने या जर्मनांना अटकेत टाकलं. विरशिंग सुटल्यावर इथेच राहिला. १९४९ साली मधुबालाचा ‘महल’ आला, त्याचा कॅमेरा विरशिंगचा. झोपाळा, धुकं, जुना वाडा आणि कुठून येतो ते कळत नाही असा गाण्याचा आवाज, हे आठवत असेल. भुताचा सिनेमा म्हणून लोक तो बघतात. पण त्यात आम्हाला भूत भयंकर वाटलं नाही, बायको वाटली. नवरा दुसरीच्या नादात बेभान झाला आहे, म्हणून त्याची लग्नाची बायको विष घेते, आणि मरण्याआधी पोलिसांत सांगते, की मला नवऱ्याने विष दिलं. तिच्या वाट्याला सिनेमात फारसा वेळ नाही. तरी तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. घरात जिचं कोणी ऐकत नाही ती शेवटी काय करून बसते, हे आपण आपल्या गावांतही बघितलेलं आहे.

त्याच कंपनीचा १९४३ चा ‘किस्मत’. अशोककुमार त्यात चोर आहे, पाकीटमार आहे, आणि तरी नायक आहे. कलकत्त्याच्या रॉक्सी थेटरात हा सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी त्यात आहे आणि तिला मारून टाकलेलं नाही, ही १९४३ सालची गोष्ट आहे. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. त्यांच्या हाताखाली पुढे एक तरुण शिकला, त्याचं नाव गुरुदत्त.

गुरुदत्त त्याआधी पुण्याला प्रभात कंपनीत नोकरीला होता. तिथेच त्याची देव आनंदशी मैत्री झाली. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की तू निर्माता झालास तर मला दिग्दर्शक कर आणि मी दिग्दर्शक झालो तर तुला नायक करीन. देव आनंदने शब्द पाळला. १९५१ साली ‘बाजी’ आला. तो हिट झाला आणि मग मुंबईच्या रात्रीचे सिनेमे एकामागून एक आले, ‘आरपार’, ‘टॅक्सी ड्रायव्हर’, ‘सीआयडी’, ‘काला बाजार’.

ही मुंबई नुसती कल्पनेतली नव्हती. फाळणी होऊन चार वर्षं झाली होती, निर्वासितांनी शहर भरलं होतं, धान्य रेशनवर होतं, नोकऱ्या नव्हत्या. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. आपण बायका दारूबंदीच्या बाजूच्या, तरी एवढं मान्य करावं लागेल, की कायदा झाल्यावर दारू गेली नाही, ती मागच्या दाराने येऊ लागली. मागच्या दाराने येणाऱ्या मालावर जे लोक पैसेवाले झाले, तेच या सिनेमांतले शेटजी. ‘बाजी’तला नायक मदन बेकार आहे. बहिणीला क्षय झाला आहे, औषधाला पैसे नाहीत, म्हणून तो जुगाराच्या क्लबात पोचतो. तो क्लब चालवतो कोण, तर त्याच्या बहिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा प्रतिष्ठित बाप. दिवसा समाजात मान, रात्री अड्डा.

हा धागा आजही पक्का आहे. १९५६ चा ‘सीआयडी’ बघा. सुरुवातीलाच अंधारात एकेक टेलिफोन उचलला जातो, आणि एका वर्तमानपत्राच्या संपादकाला मारायची व्यवस्था होते. त्याचा गुन्हा एवढाच, की एका बड्या माणसाचं पितळ तो उघडं पाडणार होता. आमच्या मुलींना हे जुनाट वाटलं नाही. वसईत वाढलेल्या माणसाला जमीन, पाणी आणि पैसा यांचं गणित लहानपणीच कळतं. १९९० साली वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं. वाड्या, शेतं आणि विहिरी जातील म्हणून हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा त्याचे पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकही होते. माणसं रस्त्यावर उतरली, त्यांत बायका होत्या. छापलेल्या शब्दाची बड्या लोकांना भीती का वाटते, हे सांगायला आम्हाला सिनेमाची गरज नव्हती, पण सिनेमात ते बघताना अंगावर काटा आला हे खरं.

‘सीआयडी’चा कॅमेरामन व्ही. के. मूर्ती. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, कॅमेरामनला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. मोठमोठ्या आरशांवर ऊन घेऊन ते स्टुडिओच्या आत सोडायचं, म्हणजे उजेडाचा एक झोतच्या झोत खाली उतरताना दिसतो, ही त्यांची करामत १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये आहे. अंगणात आरसा धरून घरातल्या भिंतीवर कवडसा नाचवण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. मूर्तींनी तोच केला, फक्त आरसा दाराएवढा. रंगीत सिनेमाची सवय झालेल्या आमच्या मुली तो भाग बघताना पहिल्यांदा गप्प बसल्या.

आता जे टिकलं नाही ते. मारामाऱ्या हसू आणतात. विनोदी नट मध्येच येऊन गोष्ट थांबवतो, जॉनी वॉकर सोडून. तो आला की आम्हाला उलट वाटायचं, की हा थांबावा. पण खरी खटकणारी गोष्ट बायकांची. या सिनेमांत बाई दोनच जातींची. एक असते बापाच्या बंगल्यात राहणारी, शिकलेली, गाडी चालवणारी, शेवटी नायकाशी लग्न करणारी. दुसरी रात्रीच्या क्लबात नाचणारी. ही दुसरी जास्त हुशार असते, जग तिला जास्त कळतं, नायकाला धोक्याची खबर तीच देते. आणि मरते किंवा गोळी खाते तीच. ‘बाजी’त गीता बालीची लीना सगळ्या सिनेमात जिवंतपणाने सळसळते आणि शेवटी नायकावरची गोळी स्वतः झेलते. मग नायक त्या डॉक्टरीणबाईंचा व्हायला मोकळा.

हे आपल्याच लोकांनी केलं असंही नाही. अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी स्वतःसाठी नियमावली केली होती, १९३४ पासून ती कडक पाळली जायची. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, बदफैली बाईचं भलं झालेलं दाखवायचं नाही. म्हणून ‘डबल इन्डेम्निटी’तली बाईसुद्धा गोळीनेच मरते. पण तिथली बाई निदान स्वतःच्या लोभापायी मरते. आपली नायकाच्या सुखासाठी मरते, वर आपण तिला त्यागमूर्ती म्हणायचं. ही गोष्ट आम्हाला त्या वेळच्या कुठल्याही काळोखापेक्षा जास्त काळी वाटली.

आणखी एक बाई या सिनेमांत नाहीच. बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली. त्याच्याही आधीपासून आणि नंतरही आपल्या आज्या-पणज्या रात्र संपायच्या आत उठून मुंबईला जात आल्या आहेत. आगाशी-निर्मळच्या वाड्यांतून फुलं, केळी, वांगी, पालेभाजी, सुकेळी. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावहून मासळी. डोक्यावर पाटी, कमरेला पैशांची चंची, अंधारात स्टेशन गाठायचं. रात्रीची मुंबई झोपायला निघालेली असायची तेव्हा या बायका तिथे उतरत होत्या. क्लबातून बाहेर पडणारा देव आनंद आणि मोगऱ्याची पाटी घेऊन उतरणारी वसईवाली एकमेकांच्या समोरून गेली असणार. कॅमेऱ्याने एकालाच बघितलं. रात्री घराबाहेर असलेली बाई म्हणजे नाचणारी नाही तर फसलेली, ही समजूत या सिनेमांनी पक्की केली, आणि रात्रपाळीवरून येणाऱ्या आमच्या मुलींना तिचा त्रास आजही होतो.

इथपर्यंत आलो तेव्हा आमच्यातल्या तरण्या मुली जिंकल्या असंच वाटत होतं. मग ‘माणूस’ बघितला.

‘माणूस’ १९३९ चा. म्हणजे फ्रेंचांनी ते नाव काढायच्या सात वर्षं आधीचा आणि ‘बाजी’च्या बारा वर्षं आधीचा. प्रभात कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ साली पुण्याला आली. त्याच वर्षी शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले होते. तिथल्या सिनेमाचा छाया-प्रकाश त्यांनी जवळून बघितला. आज प्रभातच्या त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

गोष्ट अशी. गणपत हा साधा पोलीस शिपाई. एका रात्री अड्ड्यावर धाड पडते आणि तिथे त्याला मैना भेटते, बाजारात बसलेली बाई. कसं कोण जाणे, त्याला तिची दया येते आणि तो तिला वाचवतो. गणपतचं काम शाहू मोडक यांचं. कृष्ण आणि संत ज्ञानेश्वर म्हणून लोकांनी ज्यांना हात जोडले, ते इथे पोलीस शिपायाच्या गणवेशात आहेत. मैना झाल्या आहेत शांता हुबळीकर. मैनेला आधी गणपतचं हसू येतं. तिच्याकडे येणारा पुरुष काय मागतो हे तिला पाठ आहे, आणि हा तर काहीच मागत नाही. नानाविध गिऱ्हाइकांपुढे ती अनेक भाषांतली कडवी असलेलं एक गाणं म्हणते. नटी म्हणून तिचं कौशल्य आणि मैना म्हणून तिचा कंटाळा, दोन्ही त्या एकाच गाण्यात दिसतं. संगीत मास्टर कृष्णरावांचं.

त्या वर्षांत ‘देवदास’ची हवा होती. प्रेमभंग झाला की पुरुषाने दारू पीत पीत मरायचं, हे लोकांना फार आवडलं होतं. शांतारामना ते पटलं नव्हतं आणि ‘माणूस’ हे त्यांचं उत्तर होतं. दारूने संसार धुऊन गेलेले बघितलेल्या आपल्यासारख्यांना हे उत्तर फार जवळचं वाटतं. शिवाय त्यात बॉम्बे टॉकीजच्या बागेतल्या प्रेमगीतांची नक्कल करून टरही उडवली आहे. पुण्याने मालाडला काढलेला हा चिमटा बघून हसून हसून पोट दुखलं.

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि मग आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावून ‘माणूस’ बघितला. आवाज मध्येच खरखरतो. काही शब्द आता कोणी वापरत नाही. पण गणपत मैनेला आपल्या आईकडे घेऊन जातो तो भाग आला आणि हातातले मोबाइल खाली गेले. आई देवभोळी, प्रेमळ आहे. तिला काही ठाऊक नाही. वाईट वागणारं त्या घरात कोणीच नाही आणि तरी मैनेचा जीव घुसमटतो. दार उघडं असतानाही ती आत राहू शकत नाही. ती निघून जाते. पुढे तिचा नालायक मामा, जो तिच्या जिवावर जगत आला आहे, तिच्या हातून मारला जातो. खटला, मग शिक्षा. गणपत तिला सोडवायला तयार आहे, नोकरी, कायदा सगळं बाजूला ठेवून. मैना नाही म्हणते आणि तुरुंगात जाते.

यावर आमची बैठक रात्री दहापर्यंत लांबली. एक जण म्हणाली, तिला नाही म्हणायला शिकवलं कोणी? समाजानेच. तू घाण आहेस, चांगल्या घरात तुझी जागा नाही, हे तिच्या कानात इतकी वर्षं ओतलं, की उघडं दार तिला दिसेना. म्हणजे शांतारामनीसुद्धा शेवटी बाजारातल्या बाईला घर दिलं नाहीच. दुसरी म्हणाली, तसं नाही, गणपतने तिच्यावर उपकार केले होते, आणि उपकाराच्या घरात जन्मभर खाली मान घालून राहण्यापेक्षा स्वतःच्या गुन्ह्याची शिक्षा स्वतः भोगणं तिला बरं वाटलं. अठरा वर्षांची एक मुलगी, जी आधी कोण बघणार म्हणत होती, ती म्हणाली, मामाला मारलं हे बरोबर केलं, पण मग पळायचं सोडून थांबली कशाला? यावर कोणालाच चटकन उत्तर सुचलं नाही.

आमचं मत सांगायचं तर असं आहे. ‘बाजी’ आणि ‘सीआयडी’ आजही बघण्यासारखे आहेत, उजेडासाठी, गाण्यांसाठी, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या चोरांना ओळखण्यासाठी. पण त्यांतल्या क्लबातल्या बाईबद्दल आम्ही भांडलो नाही, फक्त हळहळलो. मैनेवर भांडलो. ऐंशी वर्षांहून जुन्या बाईच्या निर्णयावर आजच्या मुली भांडतात, तर तो सिनेमा जुना झाला असं आम्हाला म्हणवत नाही. मैना कोणासाठी मेली नाही. तिने चुकीचं केलं असेल, पण जे केलं ते तिचं होतं. तंत्र पुढे सुधारलं, कॅमेरे चांगले आले, आणि बाई मात्र बारा वर्षांत मागे गेली, हे बघून वाईट वाटतं. काळ पुढे जातो तसं सगळंच पुढे जातं असं आपण धरून चालतो, म्हणून हे सांगितलं.

शांता हुबळीकरांविषयीही थोडं सांगायला हवं. त्या हुबळीकडच्या, मायबोली कन्नड. मराठी त्या शिकल्या, आणि मैना मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत उभी केली, कारण ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ नावाने निघाला होता. पडद्यावर एवढं नाव झालं, पण म्हातारपण सोपं गेलं नाही. घर सोडून त्यांना महिलाश्रमाचा आसरा घ्यावा लागला. १९९२ साली त्या गेल्या. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ते मैनेच्या त्याच गाण्याचं, ‘कशाला उद्याची बात’. उद्याची काळजी कशाला, असं गाणाऱ्या बाईला स्वतःच्या उद्याची काळजी करावी लागली. बचत गटातल्या बायकांना यातलं जे कळायचं ते कळतंच. आपल्या वह्यांत वृद्धापकाळासाठी म्हणून वेगळं खातं किती जणींचं आहे, हे त्या रात्री आम्ही मोजलं. आकडा सांगत नाही.

एक धागा राहिला. गुरुदत्तचा एक सहायक होता राज खोसला. ‘सीआयडी’ त्यानेच दिग्दर्शित केला. मुंबईच्या रात्रीचे सिनेमे करून झाल्यावर त्याने गोष्ट घेतली ती मराठीतून. राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला होता. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा, भावना आणि काशिनाथ घाणेकर यांचा. त्या वर्षीच्या मराठी चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक त्याला मिळालं. वकिलाची बायको वारते, त्याच्या डोळ्यांदेखत. पुढे पोलीस एका बाईला धरून आणतात आणि ती भर कोर्टात सांगते, की मीच याची बायको. राज खोसलाने यावरून १९६६ साली ‘मेरा साया’ केला, साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन. लग्नात ज्या झुमक्याच्या गाण्यावर आपण सगळ्या नाचतो ते त्यातलं. नाचताना कोणाच्या मनात येत नसेल, की या गाण्याच्या सिनेमाचं मूळ मराठी आहे.

‘पाठलाग’मध्ये बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे आणि समोर उलटतपासणी घेणारा वकील तिचा नवरा असल्याचं ती म्हणते आहे. तू कोण आहेस हे सिद्ध कर, असं तिला सगळे सांगतात. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून तहसीलमध्ये चार खेपा घातलेल्या बायकांना हा सिनेमा भुताखेताचा वाटणार नाही.

पुढच्या महिन्यात चादरीवर तोच लावायचा ठरलं आहे. ज्यांनी ‘मेरा साया’ बघितला आहे, त्यांनी शेवट फोडायचा नाही, एवढी एकच अट.